पोटात खोली असलेलं हेलिकॉप्टर

माझ्या नवऱ्याचं पहिलं प्रेम रशियन होतं. आणि दिसायला अतिशय कुरूप.

एमआय-२५. लढाऊ हेलिकॉप्टर.

हवाई दलात असताना आमच्या ह्यांनी उमेदीची वर्षं त्याचे नटबोल्ट आवळण्यात घालवली. रिटायर झाल्यावर आम्ही बहरीनला आलो, हे मआमीरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागले. प्रेम काही सुटलं नाही.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

त्यांचा एक नियम होता, हवाई दलातून आणलेला. दुरुस्ती झाली की टेस्ट फ्लाइटला दुरुस्त करणाऱ्यानेही बसायचं. "ज्यानं आवळलं, त्यानं बसायचं."

हा नियम त्यांनी इथल्या आमच्या झिंज भागातल्या फ्लॅटमध्येही चालवला. मिक्सर दुरुस्त केला की पहिली चटणी तेच वाटणार. शेजारच्या नसीमभाभींचं वॉशिंग मशीन दुरुस्त केलं, तेव्हा आधी स्वतःचे शर्ट धुतले.

रत्नागिरीच्या त्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भाईजान, मशीन माझी आणि कपडे तुमचे?"

"टेस्टिंग आहे भाभी."

सगळ्यांशी असं बोलणारा माणूस लेकीपुढे मात्र गप्प व्हायचा. सईची शाळा इथली, इंग्लिश मीडियम. हे साताऱ्याच्या मराठीत विचारणार, ती इंग्लिशमध्ये उत्तर देणार. मग दोघंही माझ्याकडे बघणार. मी दुभाषी. बिनपगारी.

मला फार वाईट वाटायचं त्याचं.

त्यांच्या वाढदिवसाला सईने मॉलमधून हेलिकॉप्टरचं मॉडेल आणलं, सुटे भाग चिकटवून बनवायचं. बॉक्सवर एमआय-२४.

ह्यांनी चष्मा लावून बॉक्स बघितला आणि म्हणाले, "हे आमचं नव्हं."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. "बट बाबा, इट्स द सेम हेलिकॉप्टर!"

मला असा राग आला! म्हटलं, अहो, पोरगी हौसेनं घेऊन आलीय.

पण हे कधी नव्हे ते तिच्यासमोर बसले आणि बोलायला लागले.

"ही पहिली जात. पुढं सपाट काचांची एकच खोली, सगळे तिच्यातच. नीट दिसायचं नाही. म्हणून नाकच बदललं. काचेचे दोन फुगे केले. पुढच्यात बंदूकवाला, त्याच्या मागं उंचावर पायलट."

"व्हाय बिहाइंड?"

"मागून, उंचावरून सगळं दिसतं. तुझ्या आईसारखं. सगळ्यांवर नजर आणि सगळ्यांना सूचना."

दोघं हसली. मला न विचारता, दुभाषाशिवाय.

मग रोज संध्याकाळी तेच. पहिल्यांदा शेपटीचा पंखा उजवीकडे होता, तो पुढे डावीकडे नेला. नाकाखाली फिरणारी मशीनगन होती. एका प्रकाराला मोठी तोफ हवी होती, ती नाकाला पेलेना, म्हणून उजव्या कुशीला कायमची बसवली. रशियाबाहेर विकताना नाव बदललं, म्हणून आपलं एमआय-२५. त्यानंतरचं, जास्त ताकदीच्या इंजिनांचं, ते एमआय-३५.

रिफाला जाताना एकदा वरून हेलिकॉप्टर गेलं. सई गाडीच्या काचेला नाक लावून म्हणाली, "बाबा, नॉट आवर्स!"

हे खूश. "अमेरिकन आहे. नुसतं सडपातळ. आमच्याच्या पोटात खोली असते, आठ जवान बसतात. टेस्ट फ्लाइटला आम्ही तिथंच बसायचो."

मॉलमधल्या एमआय-२४ चं एमआय-२५ करायचं ठरलं. नाक कापलं. फुगे करायला खजुराच्या डब्याचं पारदर्शक प्लास्टिकचं झाकण गॅसवर मऊ केलं आणि माझ्या लाटण्याच्या मुठीवर ताणून बसवलं. लाटणं गेलं ते गेलंच.

नाक झालं, रंग झाला. शेपटीचा पंखा तेवढा राहिला होता.

एक दिवस शिफ्टवरून आले, चहा मागितला. मी कप घेऊन आले, तर सोफ्यावर मान टाकलेली.

वर्षभर सईने मॉडेलला हात लावला नाही. मीही लावला नाही. कपड्याने झाकून कपाटावर ठेवलं होतं. मला भीती एकच, की बापलेकीचं बोलणं इतक्या उशिरा सुरू झालं आणि आता तेही तसंच अर्धवट राहणार.

आज सकाळी उठले तर ते खाली टेबलावर. पंखा चिकटवलेला. डावीकडे, बरोबर.

सई कात्री घेऊन बसली होती. समोर व्हिसासाठी काढलेले पासपोर्ट फोटो. आखातात राहणाऱ्याच्या घरात हे फोटो कायम शिल्लक असतात.

तिने बाबांचा चेहरा कापला आणि पोटातल्या खोलीत, खिडकीशी बसवला. कान तसेच, बाहेर आलेले.

मग स्वतःचा कापला. त्यांच्या शेजारी.

"तू कशाला गं?"

ती मराठीत म्हणाली. "ज्यानं आवळलं, त्यानं बसायचं."

अगदी त्यांच्या सुरात. मला रडूच कोसळलं.

तिने माझे डोळे पुसले, माझा फोटो कापला आणि मागच्या, उंचावरच्या फुग्यात लावला. व्हिसाच्या फोटोत हसायचं नसतं, त्यामुळे चिडलेली दिसतेय मी. पायलटला शोभतंय.

अहो, रोज आठवण येते तुमची.

पोरगी शेजारी बसलीय तुमच्या. बोलत राहा तिच्याशी. मी बघते पुढचं.