बरफाहून थंड पाणी

कारंज्याला हायवेवर आमचं कोल्ड्रिंकचं दुकान आहे. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, फिजिक्स घेऊन बीएस्सी. कोणी विचारलं नाही तरी सांगते. गेल्या उन्हाळ्यात बाबांनी नवा डीप फ्रीजर घेतला अन् त्यात पाण्याच्या बाटल्या काही गोठेनात. ट्रकवाल्यांना तर बरफ झालेलीच बाटली लागते. बाबांनी फ्रीजर विकणाऱ्याला फोन लावला, "खराब माल देल्ला. उद्या गाडी पाठव, घेऊन जा."

मी आत थर्मामीटर ठेवलं. शून्याच्या खाली! स्वच्छ पाणी, बंद बाटली, धक्का नाही, तर ते शून्याखालीही पातळ राहू शकतं. हे वाचलेलं होतं, पण आमच्याच दुकानात? मला नाचावंसं वाटलं.

"बाबा, हे पाणी बरफाहून थंड आहे."

"तं मंग बरफ काऊन नाई झालं? तुयं थर्मामीटरच बिघडलं."

आता डोळ्यांना दिसेल असं काही हवं होतं. पाणी थंड होतं तसं आळसावतं, जड वाहतं. पुस्तकात त्याला श्यानता म्हणतात. अन् पातळ राहिलं तर शून्याखालीही ती वाढतच जाते. तीन सारख्या बाटल्यांत मी बारीक चमकी टाकली. एक टेबलावर, एक बरफाच्या टबात, एक फ्रीजरमध्ये. चमकीमुळेच गोठली तर? रात्रभर तीच धास्ती.

सकाळी गाडी दारात अन् फ्रीजरमधल्या बाटलीतलं पाणी अजून पातळ! ती मी तान्ह्या लेकरासारखी उचलली. बाकी दोन बाबांच्या हातात दिल्या.

"तिन्ही बाटल्या एकाच वेळी उलटवू. हळू हं."

टेबलावरच्या बाटलीत चमकी भराभर खाली आली. टबातल्या बाटलीत रेंगाळली. अन् माझ्या बाटलीत सगळ्यांत मागे, डुलत डुलत.

लेकरानं दुकानाच्या काचेला लावावं तसं बाबांनी नाक बाटलीला लावलं. "तेलावानी होऊन राह्यलं हे तं."

"बरफातल्यापेक्षा थंड आहे म्हणून!" मी ओरडलेच.

"हळू बोल, गिऱ्हाईक पळतीन."

गाडीवाल्यानं विचारलं, "काकाजी, उचलू का फ्रीजर?"

"थांब रे बापू." बाबांनी माझी बाटली घेतली अन् काउंटरवर जरा जोरातच ठेवली. सर्रकन पांढऱ्या सुया वरून खाली धावल्या. बाटली पांढरीफेक! गाडीवाला दोन पावलं मागे.

"हे काय केलं तू?" बाबा माझ्याकडे वळले.

"मी नाही, तुम्हीच केलं. धक्का लागला की गोठतं."

बाबा बाटलीकडे पाहत हसायला लागले. "फ्रीजर राहू दे बापू, बराबर हाय. अन् पोरी, आणखी एक काढ. याले आपटू दे."