गोजरबाईचा धवला आणि छातीशी धरलेली उशी

धसईच्या बाजूला लग्न आधी धवलारणीचं, मग भटजीचं. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन नवरीला हळद लावायची ती गोजरबाईनं, हे ठरलेलंच. पण दिवाळीनंतर तिची बायपास झाली नि गळा गप झाला. जरा खोकलं तरी छातीचं चिरलेलं हाड कळ मारायचं. दवाखान्यातनं दिलेली उशी छातीशी कवटाळून ती खोकायची, शिंकायची, हसायचीसुद्धा.

वैशाखात नातीची, मनस्वीची, हळद ठरली. मुलगा संदेश म्हणाला, "आये, यंदा चिमीकाकी गाईल. तू नुसती बस."

"मंग मी वाचले कशाला रे?"

चिमी तिची धाकटी जाऊ. हाताखाली शिकलेली, पण जिभेनं तिखट. "बाय, धवला मधी तोडायचा नसतो. तुजा दम तुटला तं पोरीच्या संसाराला खोट."

हा बोल टाक्यांपेक्षा जास्त टोचला. गोजरबाईनं शहापूरच्या डॉक्टरला गाठलं. तपासून तो म्हणाला, "गा आजी. पण पूर्वीसारखं जबड्यात, पाठीत दुखलं, घाम फुटला, तर गाणं सोडून तडक इकडं या. बोटानं दाबल्यावर तिथंच दुखतं ते बहुतेक हाडाचं. ते जिरेल."

हळदीला ती उशी काखेत मारून मांडवात शिरली. बाया खदखदल्या. "आजे, झोपाय आलीस का गो?"

"तुमचं गाणं आयकून झोपच येते!"

धवला लागला. देवांना आवतण झालं, सूर चढला, नि छातीत चमक निघाली. तिची ओळ संपली होती. बाया ती मागून म्हणत होत्या. तेवढ्यातच काय ते ठरवायचं. संदेश उठलाच. तिनं हातानंच बसवलं. जबडा? गप. पाठ? गप. कपाळ कोरडं. तिनं वणावर बोट दाबलं. तिथंच, नेमकं तिथंच ठणकलं.

हाडूकच मेलं!

उशी घट्ट आवळून तिनं पुढली ओळ अशी उचलली की मांडवाच्या मेढी थरारल्या. मनस्वीच्या गालांवर हळद चढत गेली. बायांची मागं धावता धावता दमछाक झाली, चिमी तर धापाच टाकू लागली.

शेवटची ओळ सोडून गोजरबाईनं उशी चिमीच्या मांडीवर टाकली. "धर गो चिमे. तुजं हाड नाय दुखत, पण दम कुठं हाय?"

चिमीनं पदरानं डोळे पुसले. "बाय, पुढच्या हळदीला उशी मी आणीन. तू नुसती ये."