गुडघ्यातलं कुलूप

चिलखतांच्या कारखान्यात तिला सगळे मापवाली म्हणत. यंत्र अर्ध्या मिनिटात अंगाचं माप घेई, तरी अधिकाऱ्यांची चिलखतं तिच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसत. "यंत्र ताठ उभ्या माणसाला मोजतं, दमलेल्याला मीच मोजते," ती म्हणे. व्यवस्थापक नाक मुरडायचा, पण बावीस वर्षांत तिच्या हातचं एकही चिलखत परत आलं नव्हतं.

त्या वर्षी आघाडीवर निघालेली एक कर्नल आली. जुन्या जखमेमुळे तिचा डावा खांदा दोन बोटं खाली उतरला होता. मापवालीनं त्या बाजूची पाठपट्टी बदलली, खांद्यातली मोटर हलकी केली, कवचाला आतून मऊ अस्तर दिलं. कर्नलनं हात वर नेऊन पाहिला.

"पहिल्यांदा काहीतरी माझं म्हणून अंगावर बसलंय."

"आता उलटं चाला," मापवाली म्हणाली.

तिसऱ्या पावलाला चिलखताचे दोन्ही गुडघे जाम झाले. कर्नल पडता पडता वाचली.

चिलखत उतरवून, तिला बाकावर बसवून मापवालीनं आतल्या खोलीत गुडघ्याचा सांधा उघडला. आत नखाएवढं कुलूप होतं, कुठल्याच आराखड्यात नसलेलं. तिनं व्यवस्थापकाला गाठलं.

"दोष नाही तो," तो आवाज खाली आणून म्हणाला. "मुख्यालयाचा नवा हुकूम आहे. वरून परवानगी आल्याशिवाय मागे पाऊल पडायचं नाही. चावी त्यांच्याकडे."

"कर्नलबाईंना माहीत आहे हे?"

"त्यांना कशाला सांगायचं? तू मापाच्या कागदावर सही कर आणि मोकळी हो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी घरी लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, निवृत्तीला तीन वर्षं उरलीत. कशाला नसतं झेंगट मागे लावून घेतेस?"

"तिचे पाय आहेत गं ते," मापवाली म्हणाली आणि जेवायला बसली.

सकाळी तिनं कर्नलला सगळं सांगून टाकलं. कर्नलनं वाकून चिलखताचा गुडघा चाचपला.

"काढता येईल?"

"येईल. पण चोरून नाही काढणार."

व्यवस्थापकाला बोलावून, त्याच्यासमोर तिनं दोन्ही कुलुपं काढली. मग कागदावर लिहिलं, "गुडघ्यातली कुलुपं काढली. मापात बसत नव्हती." खाली ठळक सही केली.

चौकशीला तीन साहेब बसले. "परवानगी कोणाची होती?" मधल्यानं विचारलं.

"ज्यांचे गुडघे, त्यांची."

तिची रवानगी हातमोजे विभागात झाली. तिथे दिवसभर बोटांच्या शिवणी तपासायच्या. जुने सोबती समोरून आले की खाली मान घालून जात. ते तिला लागलं. एकदा कपडे बदलायच्या खोलीत ती एकटीच रडली, तोंड धुतलं आणि जागेवर येऊन बसली.

चार महिन्यांनी बातमी आली. शत्रूनं पूल उडवायच्या आत कर्नलनं कोणाच्या परवानगीची वाट न पाहता सगळी तुकडी मागे आणली होती. सगळ्यात शेवटी ती स्वतः, एका जखमी जवानाला ओढत, शत्रूकडे तोंड करून उलट पावलांनी आली. तिच्यावरही चौकशी बसली. पण आता इतर अधिकारी चिलखत घ्यायला येताना मापवालीच हवी म्हणून अडून बसू लागले.

व्यवस्थापक हातमोजे विभागात आला. "तुझं टेबल परत देतो. फक्त एवढं लिहून दे, की तेव्हा घाईत चूक झाली."

"घाई नव्हती," ती म्हणाली. "चूकही नव्हती. टेबल तसंच द्यायचं असेल तर द्या."

तो उभाच राहिला. तिनं पुढचा हातमोजा उलटा केला आणि अंगठ्याची शिवण उजेडात धरली.