दोडक्यापायी गेलेले शनिवार

कारंजा तालुक्यातल्या धनजला गजेंद्रचा अडीच एकराचा भाजीमळा आहे. त्याची थोरली मुलगी समीक्षा अकोल्याला शेतीची पदवी घेत होती. तिसऱ्या वर्षाला असताना तिला नेदरलँडमध्ये तीन महिन्यांचं उन्हाळी काम मिळालं, टमाट्याच्या काचघरात. तिथला उन्हाळा म्हणजे आपल्याकडचे पेरणीचे दिवस. ती निघाली तेव्हा तिची आई हौसाबाई सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात निंदत होती. मान वर न करताच म्हणाली, "टमाटे तं इथंबी हायेत. त्याच्यासाठी इतक्या दूर कायले?" पण शेंगदाण्याच्या चटणीचा डबा बॅगेत तिनंच ठेवला होता.

सोमवार ते शुक्रवार समीक्षा वेलांचे फुटवे खुडायची, शेंडे दोरीला गुंडाळायची. शनिवार-रविवार सुट्टी. सोबतच्या मुलामुलींनी पहिल्याच आठवड्यात बारा सुट्ट्यांचे बारा बेत आखले. आज हे शहर, पुढल्या वेळी तो देश. समीक्षाही त्यात होती. पहिल्या सुट्टीत ती ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतून बोटीत फिरली. दुसऱ्या सुट्टीत आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि सलवार गुडघ्यापर्यंत ओली करून घेतली. तिसऱ्या शनिवारी मात्र सगळे पॅरिसला गेले, तेव्हा ती मागे राहिली. पालेभाजी खाऊन महिना व्हायला आला होता आणि हेगच्या बाजारात मेथी मिळते असं तिनं ऐकलं होतं. मालकाची सायकल मागून घेतली आणि निघाली.

बाजारात एका पालाखाली कारली दिसली. शेजारी चवळीच्या शेंगा, लाल भोपळ्याच्या फोडी. समीक्षा सायकल धरून उभीच राहिली. पालाखालची म्हातारी सत्तरीच्या पुढची होती, अंगात स्वेटर, हातात हिरव्या बांगड्या.

"कहाँ से अइले, बेटी?" तिनं विचारलं.

म्हातारीचं नाव फुलमती. तिचे आजोबा कलकत्त्याहून बोटीनं सुरीनामला उसाच्या मळ्यात मजुरीला गेले होते. ती स्वतः तरुणपणी तिथून नेदरलँडला आली. हिंदुस्थान तिनं कधी पाहिला नव्हता, पण आजीच्या तोंडची बोली टिकून होती. समीक्षाची वऱ्हाडी वळणाची हिंदी आणि फुलमतीची ती बोली, दोघींचं छान जमलं. मेथीच्या दोन जुड्या घ्यायला गेलेली पोरगी दुपारी म्हातारीच्या बागेत पोचली होती.

गावाबाहेर भाड्यानं मिळणाऱ्या बागेच्या तुकड्यात फुलमतीचं छोटंसं काचघर होतं. आत दोडक्याचा वेल छपरापर्यंत चढलेला. फुलं भरपूर, पण दोडके बोटाएवढे झाले की पिवळे पडून गळत. तीन वर्षं हेच चाललं होतं.

"बीज खराब है," फुलमती म्हणाली.

समीक्षानं वेल नीट पाहिला. काचघर बंद, आत एकही किडा नाही. परागीभवन होत नाही हे तिला लगेच कळलं. "बीज अच्छा है, आजी. मैं कर देती हूं," असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी भर दुपारी पुन्हा आली. मिटलेली फुलं उघडून तिनं नर फुलांचे पराग मादी फुलांना लावले आणि मोठ्या ऐटीत परतली. पुढच्या शनिवारी जाऊन पाहते तर सगळे दोडके खाली गळून पडलेले. फुलमतीनं रागावण्याऐवजी चहा करून दिला. ते समीक्षाला जास्त लागलं.

रविवारी सकाळी तिनं धनजला फोन लावला. तिकडे दुपार होती. हौसाबाई बांधावर भाकर खात होती.

"आई, दोडके गळून राह्यले. हातानं पराग लावले तरी."

"कवा लावले?"

"दुपारी."

हौसाबाईनं घास गिळला. "दोडक्याचं फूल सांजच्याला उमलते, बाई. मी रोज सांजच्याला मळ्यात काय करत होती, तुले वाटे? अकराव्वीपासून तू अकोल्याले. तुले कोन दाखवीन?"

"आता दाखव ना."

मग हौसाबाईनं व्हिडिओ चालू करून फोन मळ्यातल्या मजुरणीच्या, गंगूच्या हातात दिला आणि वेलाजवळ उभी राहून कळ्या दाखवल्या. आज संध्याकाळी कोणती उमलेल, हे कळी पाहून कसं ओळखायचं. नराच्या पाकळ्या मागे कशा मोडायच्या. मादीवर किती हलका हात फिरवायचा. "रगडू नको. लेकराचं नाक पुसते तसं."

त्या दिवसापासून समीक्षाच्या सहलींचं ठिकाण ठरून गेलं. मित्र ब्रुसेल्सला गेले, कलोनला गेले. ती शनिवार-रविवार सायकल मारत फुलमतीच्या बागेत. संध्याकाळी सातला तिथं लख्ख ऊन असायचं आणि त्या उन्हात पिवळी फुलं एकेक उघडायची. सोबतची एक मुलगी म्हणाली, "तू इथं येऊन पाहिलंस तरी काय?" समीक्षा हसली आणि तिनं सायकल काढली.

अडचण उरली ती मधल्या पाच दिवसांची. फुलं रोज उमलणार आणि फुलमतीचे हात वयानं थरथर कापायचे. ती म्हणाली, "हमसे ना होई." समीक्षानं रंगवायचा मऊ कुंचला आणला, लांब काडीला बांधला आणि तिच्या हातात दिला. कापऱ्या हातातला कुंचला फुलावर आपोआप थरथरला आणि पराग भुरभुर झडले. फुलमती कुंचल्याकडे पाहत राहिली. मग दुसऱ्या फुलाकडे वळली, तिसऱ्याकडे.

ऑगस्टच्या मध्याला पहिला दोडका हातभर झाला. वेलावर आणखी आठ होते. फुलमतीनं तो स्वतः कापला, शिरा खरवडल्या, भाजी रांधली. समीक्षानं चटणीचा डबा आणला. जेवताना म्हातारी आपल्या आजीबद्दल बोलत सुटली.

शेजारच्या बागांत दोडके लावणाऱ्या बायकांना बातमी लागलीच होती. शेवटच्या शनिवारी दहा-बारा जणी आल्या. तोडक्यामोडक्या डच भाषेत आणि बरंचसं हातांनी समीक्षानं त्यांना नर-मादी ओळखायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी तिचं विमान होतं. कपडे भरायचे राहिले होते, पण तिनं घाई केली नाही. एकेकीच्या हातात कुंचला देऊन करून घेतलं.

समीक्षा धनजला परतली त्यानंतर पंधरा दिवसांनी फुलमतीच्या आवाजातला निरोप फोनवर आला. तिनं एकटीनं अकरा दोडके धरवले होते आणि वेल आता छपराला टेकून खाली लोंबत होता. हौसाबाईनं तो निरोप दोनदा ऐकला. सगळं समजल्यासारखी मान हलवली.

"तिले सांग," ती म्हणाली, "शेंडा खुडून टाक म्हना. नाई तं निस्ता पालाच वाढीन."