गरम पाण्याने नाही, इंजेक्शनने

"ताई, हा तुमचा आळस नाही, आजार आहे," रिपोर्ट माझ्यापुढे सरकवत डॉक्टर म्हणाले. ठाण्यातल्या त्या केबिनमध्ये मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. रोज दोनशे पोळ्या लाटणाऱ्या बाईला आजवर सगळ्यांनी आळशीच ठरवलं होतं.

वजन अठ्ठ्याण्णव किलो, गुडघे दुखरे. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, वाढलेली. फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतावर चरबी. डॉक्टरांनी आधी किडनी तपासली, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का ते विचारलं, मग आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं इंजेक्शन लिहून दिलं. त्याने भूक कमी होते आणि थोडं खाल्लं तरी पोट भरतं.

पहिले दोन महिने फार वाईट गेले. फोडणीचा वास आला की ढवळायचं. भाजी चाखवेना, म्हणून मिठाचं काम सुनंदाकडे दिलं. सुनंदा आंबिवलीहून येते आणि अकरा वर्षं माझ्या शेजारच्या तव्यावर पोळ्या भाजते. मळमळ सोसेना तेव्हा डॉक्टरांनी डोस वाढवायचं थांबवलं. इंजेक्शनचं पेन मी दुकानाच्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्यामागे लपवून ठेवलं होतं.

वजन उतरू लागलं तशी गिऱ्हाइकं विचारू लागली. मी ठोकून द्यायचे, सकाळी गरम पाणी-लिंबू आणि पोळी बंद. पोळ्या विकणारी मी, तोंड वर करून हे सांगायचे! इंजेक्शन म्हटलं असतं तर लोकांनी नाकं मुरडली असती. सुनंदा बाजूला उभी राहून सगळं ऐकत होती.

एका दुपारी ती चक्कर येऊन तव्यावर कलंडली. मनगट भाजलं. रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. काय खाल्लंय, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, तर दोन दिवस नुसतं गरम पाणी-लिंबू. मी तिच्यावर ओरडले. ती पट्टी बांधून घेत शांतपणे म्हणाली, "ताई, तुमचं उतरलं ना, म्हटलं माझंपण उतरेल."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच तिला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "मग आधी का नाही बोललात? मी काय गावभर केलं असतं?"

दुसऱ्या दिवशी पेन कोथिंबिरीमागून काढलं आणि फ्रिजच्या दारात, ताकाच्या बाटल्यांशेजारी ठेवलं. दार उघडलं की सगळ्यांना दिसतं. एक काका म्हणाले, "म्हणजे शॉर्टकटच की." मी म्हटलं, "काका, तुम्ही आठ वर्षं माझ्याकडून तयार पोळ्या नेताय. तो काय लांबचा रस्ता आहे?" ते पोळ्या घेऊनच गेले.

आता मी ऐंशी किलोवर आहे आणि साखर ताब्यात आहे. चालते, मोजून खाते, पण उतरलं ते औषधाच्या जोरावर, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. बंद केलं तर वजन परत चढू शकतं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मग घेत राहीन. तुमच्यावर ही वेळ आली तर डॉक्टरांकडे जा. कुणाचं पाहून केमिस्टकडून परस्पर आणू नका, आणि माझ्यासारखं खोटं तर मुळीच बोलू नका.

सुनंदालाही मी त्याच डॉक्टरांकडे नेलं. तिचं थायरॉइड कमी काम करत होतं, वजन त्यानेच वाढलं होतं. तिला इंजेक्शनची गरज नाही, रोजची एक गोळी पुरते. माझ्या तोंडाला चव परत आली, पण मीठ अजून तीच बघते. कुणी नवीन गिऱ्हाईक माझ्या वजनाचं विचारू लागलं की माझ्याआधी तीच बोलते, "ताई इंजेक्शन घेतात. डॉक्टरांनी दिलंय." आणि डाग पडलेल्या हाताने पोळी उलटते.