ताईचा गेम चालेल का

दुपारचे दोन वाजले की आमच्या घरात ताईला कोणी हाक मारत नसे. जेवणाची ताटं घासून, हात पदराला पुसून ती कॉम्प्युटरसमोर बसायची आणि चार वाजेपर्यंत आपलं गाव सांभाळायची.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लहानपणी ताप डोक्यात गेला असं आई सांगायची. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी वेगळंच काही नाव सांगितलं, पण तोवर ती चाळिशीला आली होती आणि त्या नावाचा आम्हाला काही उपयोग नव्हता. ती कमी बोलते आणि ऐकलेला शब्द जसाच्या तसा धरते. पाच मिनिटांत येतो म्हणून गेलो की सहाव्या मिनिटाला ती फाटकाशी उभी. मी कॉलेजात गणित शिकवतो, जिभेचा तिखट म्हणून पुसदभर माझं नाव आहे, पण घरात तोलूनमापून बोलायला मला तिनेच शिकवलं.

गेम जुना होता, सीडीवरचा. मोकळ्या जमिनीवर गाव वसवायचं, रस्ते काढायचे, विहिरी खोदायच्या, बाजार भरवायचा. रस्त्यावरच्या माणसावर क्लिक केलं की तो इंग्रजीत दोन शब्द बोलायचा, पाणी नाही म्हणायचा नाहीतर काम नाही म्हणायचा. ताईला इंग्रजी येत नाही, पण आवाजावरून तिला सगळं कळायचं. ती त्यांना आपल्या बोलीत दटावायची. 'थांब जरा, देऊन राह्यली ना पाणी.' आमच्याशी दिवसभरात ती जेवढं बोलायची त्याच्या दुप्पट त्या लोकांशी. आमच्याकडे नळ चार दिवसांनी यायचा, पण तिच्या गावात एकाही घराला पाण्यावाचून राहावं लागलं नाही. पंधराएक वर्षं ती तेच एक गाव वाढवत होती.

गेल्या उन्हाळ्यात तो कॉम्प्युटर गेला. जळका वास आला, स्क्रीन काळा झाला. बसस्टँडजवळच्या दुकानातल्या भाईंना बोलावलं. भाई म्हणजे आमच्या कॉलेजची मशीनं दुरुस्त करणारा भला माणूस. त्यांनी डबा उघडला, आत पाहिलं आणि मान हलवली. मदरबोर्ड जळला होता आणि तो आता कुठेही मिळत नव्हता.

ताईने काही त्रागा केला नाही. दोन वाजले की खुर्चीत बसायची, काळ्या स्क्रीनकडे बघायची, चारला उठायची. आठवडाभराने तिचं जेवण कमी झालं. मग ती डाव्या मनगटावर नखं ओढायला लागली. बायकोने नखं कापून दिली तर बोटांनी चोळायला लागली. मी घाबरलो. आई गेली तेव्हाही ताई इतकी खचली नव्हती.

नवं मशीन घ्यायचं ठरलं. सीडीवर ओरखडे पडले होते आणि नव्या मशीनला सीडी लागतही नाही, पण तो गेम आता नेटवरून विकत मिळतो हे मला समजलं. प्रश्न एकच होता, तो चालेल का. गेम येणार आहे म्हणून ताईला सांगायचं आणि तो चालला नाही तर काय होईल, याचा विचारसुद्धा मला करवत नव्हता. म्हणून खात्री होईपर्यंत तिच्यापुढे अवाक्षर काढायचं नाही, अशी मी बायकोला तंबी दिली.

विक्रीच्या पानावर खाली यादी होती, किमान प्रोसेसर किती, मेमरी किती. नवं मशीन त्या यादीच्या शेकडो पट पुढे. मी निश्चिंत झालो आणि मग लोकांचे अभिप्राय वाचले. कोणी लिहिलं होतं झकास चालतो, कोणी लिहिलं होतं काळा स्क्रीन येतो, कोणाला आवाजच नव्हता. अडचण अशी की मशीन फार नवं होतं. मुलगा जास्त शिकलेला म्हणून स्थळाने नकार द्यावा, तसला प्रकार. मी चिडलो, पण चिडायचं कोणावर हेही कळेना.

भाईंना विचारलं तर ते म्हणाले, 'चालते ना सर, बिनधास्त घ्या.'

मी त्यांच्यावर खेकसलो. आपल्याकडे चालते म्हणजे काहीही होतं. चहात साखर कमी पडली तरी चालते, पाहुणे आले नाहीत तरी चालते. मला तसलं चालते नको होतं. मला गेम सुरू झालेला, आवाज आलेला, नीट बंद झालेला डोळ्यांनी पाहायचा होता. भाई बिचारे हसले. माझ्यासाठी ठेवलं होतं तसंच एक मशीन दुकानात होतं, त्यावर त्यांनी स्वतःच्या खात्यातून तो गेम घेऊन टाकला. म्हणाले, बसा आणि बघा.

दोन दिवस कॉलेज सुटल्यावर मी दुकानात बसून खेळलो. पहिल्या दिवशी स्क्रीन खरंच काळा आला. भाईंनी दोन-तीन सेटिंग बदलल्या आणि चित्र आलं, तेवढ्यात आवाज गेला. दुसऱ्या दिवशी आवाज आला. मी कागदावर मुद्दे लिहून नेले होते. माउस अडतो का, अक्षरं दिसतात का, मध्येच वीज गेली तर काय होतं, माणसावर क्लिक केलं की तो बोलतो का. एकेका मुद्द्यापुढे बरोबरची खूण केली. दुकानात आलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती, पन्नाशीचा मास्तर गेम खेळतोय म्हणून. बायकोनेही टोमणा मारला की आपल्या पोरीच्या स्थळाची चौकशी तुम्ही एवढी केली नव्हती. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट आपण किती काळजीने सगळं तपासतोय याचा मला अभिमान वाटत होता, हे आज लिहिताना लाज वाटते.

भाईंनी नवं मशीन घरी आणून जोडलं, गेम टाकला, ताई स्वयंपाकघरात असताना आवाज बंद ठेवून चालवून दाखवला. निघताना जुन्या डब्याकडे बोट करून म्हणाले, हा नेऊ का, सुट्या भागांना उपयोग होईल. आणि विचारलं, 'यातलं काही ठेवायचं हाय का सर?'

मी नव्या मशीनची वायर भिंतीलगत नीट लावत होतो. म्हणालो, काही नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, आतली हार्ड डिस्क चांगली आहे, काही पाहिजे असेल तर काढून देतो. मी मान वर न करता म्हणालो, 'नाही हो, चालते. घेऊन जा.'

दोन दिवसांनी रविवार होता. मी मुद्दाम तो दिवस निवडला होता आणि तोवर मशीन चादरीने झाकून ठेवलं होतं. दोन वाजता ताईला म्हटलं, बस, तुझा गेम आला. तिने बटण दाबलं. जुनं संगीत सुरू झालं आणि तिचा चेहरा असा उजळला की माझे डोळे भरून आले. बायकोही दारात येऊन उभी राहिली.

ताईने सवयीने साठवलेली गावं उघडायची यादी काढली. यादी कोरी होती. तिने गेम बंद केला, पुन्हा सुरू केला, पुन्हा यादी काढली. असं तीनदा केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'लोकं कुठी हाय?'

तेव्हा मला कळलं. गेम चालेल का, हे मी सगळ्यांना विचारलं होतं. तिचं गाव त्यात असेल का, हे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं.

बाहेर जाऊन भाईंना फोन लावला. डिस्क पुसून त्यांनी दिग्रसच्या एका माणसाच्या मशीनमध्ये टाकली होती. त्यांचा आवाज रडवेला झाला. 'सर, मैंने दो बार पूछा था,' एवढंच ते म्हणाले. खरंच विचारलं होतं.

बायको हळूच म्हणाली, दुरुस्तीला दिलंय म्हणून सांगा, ताई विसरतील हळूहळू. पण येईल म्हटलं असतं तर ताई रोज दोन वाजता त्याची वाट पाहत बसली असती, वर्षानुवर्षं. मी आत गेलो आणि तिच्याजवळ खाली बसलो. म्हटलं, 'ताई, तुझं गाव जुन्या डब्यात होतं. तो मी देऊन टाकला. ते पुसलं गेलं. आता येत नाही.'

तिने माउस बाजूला सारला. मग म्हणाली, 'तुले कोणी सांगतलं, देऊन टाक म्हणून?'

'कोणी नाही.'

'मंग मले काहून नाही इचारलं? मी तं इथीच होती.'

ती तिथेच होती. भाई डबा उचलून नेत होते तेव्हा ती त्याच खोलीत, जमिनीवर तुरीची डाळ निवडत बसली होती. वाटेत तिचे पाय येत होते. मीच तिला म्हणालो होतो, ताई, जरा पाय घे. आणि तिने ते पोटाशी घेतले होते.