डोक्याच्या डॉक्टरचा पत्ता

विषय : मनाचा योग्य डॉक्टर सापडणे व त्याच्यासमोर प्रत्यक्ष जाऊन बसण्याचे फायदे याबाबत.
संदर्भ : मित्रमंडळींची वेळोवेळी झालेली तोंडी मागणी.

उपरोक्त विषयास अनुसरून सांगतो की, कारकुनाला निवृत्त होताना दोन गोष्टी मिळतात, एक शाल आणि दुसरे किस्से. शाल कोल्हापुरात वर्षातून पंधरा दिवस लागते. किस्से रोज लागतात, आणि एक सांगायला घेतला की त्याच्यामागून चार येतात. त्यांतले हे आमच्या ऑफिसातले, डोक्याच्या डॉक्टरचे.

* * *

नव्वदच्या दशकात माझी बदली गडहिंग्लजला झाली. घर कोल्हापुरात, म्हणून रोज एसटीनं जा-ये करायचं ठरलं. पहिल्याच आठवड्यात कागल आलं आणि छातीवर कुणी पोतं ठेवावं तसं झालं. अंगाला घाम फुटला. आता मरतो असं वाटून उतरलो, तर पाच मिनिटांत ठणठणीत! दुसऱ्या दिवशी पुन्हा कागल, पुन्हा पोतं.

हार्टचे डॉक्टर म्हणाले, "बैलासारखं हृदय आहे तुमचं. हे दुखणं मनाचं."

तोवर या दुखण्यापायी घेतलेली रजा संपत आली होती. साहेबांनी लेखी कळवलं की, एक तारखेला गडहिंग्लजला हजर व्हा, नाहीतर नोकरीवर पाणी सोडा. घरात दोन मुली शिकत होत्या, आणि मला कागलच्या पुढं जाता येत नव्हतं.

* * *

रजेचा शेवटचा अर्ज द्यायला कोल्हापूरच्या ऑफिसात गेलो. शिपाई मारुती दारातच म्हणाला, "भाऊसाहेब, कागलला पावणं हाईत व्हय तुमचं? रोज उतरताय म्हणं!"

आमचे हेडक्लार्क पाटीलअण्णा. नियमांचं चालतं-बोलतं पुस्तक. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि आवाज खाली आणला. "डोक्याच्या डॉक्टरकडं निघालायस? जा की. पण अर्जात पोटदुखी लिही."

"का अण्णा?"

"पोट सगळ्यांना असतं!"

* * *

पहिला जो समुपदेशक सापडला, तो फार गोड माणूस. मी बसलो, त्यानं "बोला" म्हटलं आणि स्वतःच सुरू झाला. त्याचं लग्न, त्याची सासुरवाडी, घर बांधताना भावानं दिलेला त्रास. तासभर मी माना हलवत होतो. मधे एकदा त्यानं रुमाल काढला, तेव्हा टेबलावरचं पाणी मी पुढं सरकवलं.

उठताना त्यानं माझा हात हातात घेतला. "तुमच्याशी बोलून फार बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात नक्की या!"

* * *

मग कुणीतरी पुण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. ते फोनवरून सल्ला देत. आमच्या घरी फोन नव्हता, म्हणून एसटीडी बूथ गाठला. काचेची खोली, बाहेर रांग.

डॉक्टर म्हणाले, "डोळे मिटा. लांब श्वास घ्या."

मी मिटले, घेतला. तेवढ्यात काचेवर टकटक! बूथवाला ओरडत होता, "ओ पावणं, झोपायचं घरला! लाईन लागलीया की हितं!"

मी डोळे उघडले. रांगेतली सहा माणसं काचेतून माझ्याकडं बघत होती. पोतं पुन्हा छातीवर येऊन बसलं.

पुण्याहून शांत आवाज आला, "बघा, आता हलकं वाटतंय ना?"

मी "हो" म्हणून फोन ठेवला. साहेबाला नाही म्हणायची सवय मला कधीच नव्हती, आणि तिकडून माझा घाम त्यांना दिसायचं काही कारण नव्हतं.

* * *

समुपदेशक कांबळे मॅडम मला सापडल्या त्या शाहूपुरीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. दोन खुर्च्या, एक पंखा. गिरणी सुरू झाली की खोलीतलं काही ऐकू यायचं नाही. पहिल्यांदा मी वैतागलो. नंतर कळलं, ती मोठी सोय होती. गिरणी चालू असताना माणसाला मोकळेपणानं रडता येतं. खाली बायकांना वाटतं, पट्टा कुरकुरतोय!

मी दारालगतच्या खुर्चीत बसायचो. पिशवी मांडीवर, छत्री हातात, पाय दाराकडं. चौथ्या खेपेला मी निघताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "आज पिशवी खाली ठेवलीत, भाऊसाहेब."

मी खाली बघितलं. खरंच ठेवली होती! कधी ठेवली, ते मलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी मात्र बघितलं होतं.

* * *

एक तारीख चार दिवसांवर आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "रविवारी गडहिंग्लजच्या गाडीत मी असेन. तुमच्या मागच्या सीटवर. तुम्ही तुमचे बसा."

कंडक्टर ओळखीचा झाला होता. न विचारताच त्यानं कागलचं तिकीट फाडलं, आणि मीही सवयीनं घेतलं.

कागल आलं. पोतं आलं. मी उठलो. मागून शेंगा फोडल्याचा आवाज येत होता, कट्, कट्, अगदी संथ. ही बाई आरामात शेंगा खात बसलीय, म्हणजे आपण एवढ्यात मरत नाही, असं मनानं घेतलं. मी परत बसलो. खांद्यावरून एक मूठ पुढं आली. त्यात सोललेले दाणे होते.

गाडी सुटली. चार मिनिटांनी कंडक्टरची नजर माझ्यावर पडली. "आयला! कागल मागं ऱ्हायलं की ओ! उतरायचं न्हाय व्हय?"

सगळी गाडी वळून बघायला लागली. मी म्हणालो, "न्हाय."

"मग फुडचं तिकीट काढा की! हसताय काय?"

एक तारखेला गडहिंग्लजला हजर झालो. एकटा गेलो. दाणे खिशात होते.

* * *

पाच वर्षांनी कोल्हापूरला परत आलो आणि ऑफिसात एक गंमत सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीत एकेकजण मला जिन्यात गाठायचा. "त्या तुमच्या मॅडमचा पत्ता द्या की. मेव्हण्यासाठी पायजे."

सगळ्यांना मेव्हण्यासाठीच हवा होता! आमच्या ऑफिसातल्या मेव्हण्यांची तब्येत त्या काळात फारच खालावली होती. मारुतीनंही मागितला. मी म्हटलं, "मारुती, तुझं लग्न कुठं झालंय?"

तो म्हणाला, "व्हईल की!"

* * *

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी रीतसर अर्ज केला, की कांबळे मॅडमना महिन्यातून एक दुपार ऑफिसातल्या मीटिंगच्या खोलीत बसू द्यावं, म्हणजे कुणाला जिन्यात उभं राहायला नको. नव्या साहेबांनी शेरा मारला, 'गरजू कर्मचाऱ्यांची नावे जोडावीत.'

मी एक कोरा कागद घेतला, सर्वांत वर माझं स्वतःचं नाव लिहिलं आणि कागद टेबलांवरून फिरवायला मारुतीकडं दिला. आठ दिवस तो फिरला. परत आला तेव्हा पाठपोट भरला होता. स्वतःचं नाव एकानंही लिहिलं नव्हतं. प्रत्येकानं शेजारच्याचं लिहिलं होतं! साहेबांचं नाव नऊ वेगवेगळ्या अक्षरांत होतं.

फक्त पहिल्या ओळीतलं माझं नाव लाल शाईनं खोडलेलं होतं. समोर पाटीलअण्णांच्या अक्षरात शेरा होता, 'प्रकरण निकाली.'

कागद तसाच अर्जाला जोडून साहेबांकडं पाठवला. अर्ज प्रलंबित आहे.